दोन लाव्ह्यांमधला चिखल

निलंगा तालुक्यात कुणालाही विचारा, जमिनीखाली काय आहे? उत्तर एकच येतं: वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरुमाखाली काळा दगड. आणि काळ्या दगडाखाली? इथे बहुतेक लोक हसतात. दगडाखाली दगडच असणार की!

हे उत्तर अगदीच चूक नाही. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी किलोमीटरमध्ये मोजावी लागते. पूर्वेकडे येताना तो पातळ होत जातो, आणि बिदरच्या पुढे, विकाराबादच्या आसपास तो संपतो. म्हणजे आपण लातूरकर या भल्यामोठ्या काळ्या गोधडीच्या कडेला राहतो. आमच्याकडच्या जुन्या विहिरी याच दगडाने बांधल्या, वाडेही याच दगडाचे. इतक्या ओळखीच्या दगडाला काही इतिहास असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.

इतिहास आहे, पण तो सांगायला हा दगड फार कच्चा आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. रात्री एखादी सिस्टिम कोसळली की आम्ही आधी लॉग उघडतो. काय घडलं, कधी घडलं, कशानंतर कशाची पाळी आली, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. आता कल्पना करा, लॉगमध्ये शेकडो ओळी आहेत, सगळ्या जवळपास सारख्या, आणि एकाही ओळीपुढे वेळ नाही. बेसाल्टचं तसंच आहे. लाव्हा एकदाच आला नाही. तो पुन्हा पुन्हा आला, थरावर थर बसले. पण निलंग्याच्या विहिरीत ४० फुटांवर दिसणारा काळा थर आणि औशाच्या विहिरीत ७० फुटांवर दिसणारा काळा थर एकच का, हे नुसतं बघून सांगता येत नाही. दगडाचं रसायन तपासता येतं, त्यात गोठलेली चुंबकाची दिशा मोजता येते, किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वयही काढता येतं. या सगळ्या पद्धती गेल्या काही दशकांतल्या. त्याआधीची शंभर-सव्वाशे वर्षं या दगडाचं वय ठरवायला एक महत्त्वाचं साधन होतं: दोन लाव्ह्यांच्या मध्ये अडकलेला चिखल.

मधल्या सुट्टीत काय झालं

एक लाव्हा थंड झाला आणि दुसरा यायला वेळ लागला, की मधल्या काळात जमीन जमीन म्हणून जगायची. खोलगट जागी पाणी साठायचं, तळी व्हायची. काठाला झाडं, पाण्यात शेवाळ, गोगलगायी, बेडूक, मासे. तळ्याच्या तळाशी गाळ बसायचा. मग पुढचा लाव्हा यायचा आणि ते सगळं झाकून टाकायचा. या गाळाच्या थरांना भूवैज्ञानिक ‘इंटरट्रॅपियन’ म्हणतात. हे थर पातळ असतात, कधी काही फूट, कधी काही मीटर. शेकडो मीटर काळ्या दगडात एक करडी रेघ. रेघ कसली, टाइमस्टॅम्पच!

या थरांतले जीवाश्म पहिल्यांदा अभ्यासणाऱ्यांमध्ये मद्रास सैन्यातला एक डॉक्टर होता, माल्कमसन नावाचा. १८३० च्या दशकात त्याने गोळा केलेले शंखशिंपले निर्मळच्या बाजूच्या डोंगरांतले होते, म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या मुलखातले. त्यानंतर आले नागपूरचे दोन स्कॉटिश मिशनरी, स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर. त्यांनी नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतून फळं, बिया, शंख आणि कीटकांचे अवशेष जमवले, आणि १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात नागपूरच्या भूशास्त्रावर निबंध छापला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज याच माणसाच्या नावाचं. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नदीत तो बुडाला.

हिस्लॉपचं मत होतं की हे थर, आणि म्हणून हा लाव्हाही, तृतीयक कालखंडातला आहे. म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचा. इथून एक भांडण सुरू झालं आणि ते शंभरेक वर्षं चाललं. लाव्हा डायनोसॉरच्या आधीचा, त्यांच्या वेळचा, की नंतरचा? या भांडणातला सर्वांत मोठा भारतीय माणूस म्हणजे बिरबल साहनी. लखनौच्या या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये हाच प्रश्न लेखातून थेट विचारला, आणि १९४० च्या सायन्स काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात हिस्लॉपच्याच बाजूने कौल दिला. त्यांच्या हातात पुरावाही होता. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानला निपा नावाच्या ताडाची फळं सापडली होती. निपा आजही सुंदरबनात खाऱ्या चिखलात वाढतो, आणि लंडनजवळच्या तृतीयक थरांत त्याची फळं भरपूर मिळतात. साहनींचा तर्क सरळ होता: तिथला काळ तृतीयक, तर इथलाही.

तर्क सरळ होता, पण साक्षीदार फार दीर्घायुषी निघाला. निपासारखे ताड डायनोसॉरच्या काळातही होते आणि नंतरही राहिले. एखाद्या घटनेची तारीख ठरवायची असेल तर साठ वर्षं एकाच दुकानात बसलेला माणूस उपयोगाचा नाही. त्या आठवड्यात गावात आलेला आणि लगेच निघून गेलेला माणूस शोधावा लागतो. गाळात असे पाहुणे होते, पण ते डोळ्यांना दिसत नव्हते.

आम्लात न विरघळणारं

परागकण आणि बीजाणू साधारण २० ते १०० मायक्रॉनचे असतात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीएवढा जीव. पण त्यांच्या कवचाचा पदार्थ, स्पोरोपोलेनिन, निसर्गातल्या सर्वांत चिवट सेंद्रिय पदार्थांपैकी एक आहे. पानं कुजतात, खोडं कुजतात, हे कवच टिकतं.

त्याला दगडातून बाहेर काढायची पद्धत ऐकली की गंमत वाटते. दगडाचा चुरा करायचा. आधी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा, चुनखडी विरघळते. मग हायड्रोफ्लोरिक आम्लात, जे काचसुद्धा खातं. त्यात वाळू आणि माती, म्हणजे दगडाचा उरलासुरला भाग, विरघळून जातो. तळाशी राहतो काळपट-तपकिरी साका. तो बारीक चाळणीतून धुऊन काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. म्हणजे दगड वाचायचा तर आधी दगडच नाहीसा करायचा. जे उरतं ते एकेकाळी जिवंत होतं.

त्या साक्यात दोन प्रकारची माहिती असते. पहिली, कोणकोण हजर आहे. क्रिटेशियसच्या शेवटच्या टप्प्याला, ७.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळाला, मास्ट्रिश्टियन म्हणतात. या टप्प्यात अक्विलापोलेनाइटिस नावाचा एक विचित्र परागकण मिळतो. अंगाला बाहेर आलेल्या भुजांमुळे तो पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा दिसतो, म्हणून लॅटिनमधल्या गरुडाचं नाव त्याला दिलं. जबलपूरजवळच्या पडवारच्या इंटरट्रॅपियन थरात तो सापडला, आणि तिथला चिखल डायनोसॉरच्या काळातला ठरला. निपाला जे जमलं नाही ते त्याने केलं.

दुसरी माहिती रंगाची. ताजा परागकण फिकट पिवळा असतो. थर जमिनीत खोल गाडला गेला, तापला, की तो नारिंगी होतो, मग तपकिरी, मग काळा. भाकरी तव्यावर किती वेळ होती ते तिच्या डागांवरून कळतं, तसंच. त्या रंगावरून थर किती तापला होता याचा अंदाज बांधता येतो, आणि तेल शोधणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं: कमी तापला तर तेल तयार होत नाही, जास्त तापला तर उरत नाही.

एक अट मात्र आहे. चिखल करडा किंवा काळा हवा. बेसाल्टच्या थरांमध्ये विटकरी लाल पट्टे खूप दिसतात. आपल्याकडे विहीर खणलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेत. तिथला दगड हवेला उघडा पडून गंजला, म्हणून तो लाल. त्या हवेत सेंद्रिय पदार्थही नष्ट होतो. लाल पट्टा सांगतो की मध्ये सुट्टी झाली होती. त्या सुट्टीत कोण आलं होतं, हे शक्यतो करडा चिखलच सांगतो.

विकाराबाद स्टेशनजवळ

लातूर रोडहून उदगीर, भालकी, बिदर करत हैदराबादला जाणाऱ्या रेल्वेने आमच्याकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करत आलेत. त्या मार्गावर विकाराबाद लागतं. त्याच्या जवळ नसकल नावाचं गाव आहे, काळ्या दगडाच्या अगदी कडेवर. तिथल्या इंटरट्रॅपियन थरातले चिमुकले दात १९८८ मध्ये जगासमोर आले. जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी ‘नेचर’मध्ये जाहीर केलं की हा भारतात सापडलेला क्रिटेशियस काळातला पहिला सस्तन प्राणी आहे. उंदराएवढा जीव. नाव ठेवलं डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी. पहिला शब्द दख्खनचा, दुसरा नागपूरच्या त्या बुडालेल्या मिशनऱ्याचा. आणि नाव ठेवणाऱ्यांपैकी अशोक साहनी हे बिरबल साहनींचे पुतणे. काकांनी ज्या चिखलाला डायनोसॉरनंतरचा म्हटलं, त्याच जातीच्या चिखलातून पुतण्याने डायनोसॉरच्या काळातला प्राणी काढला.

पण दात क्रिटेशियसचेच कशावरून? २००६ मध्ये नसकलच्या थरातले परागकण आणि बीजाणू अभ्यासले गेले, आणि त्यांनीही मास्ट्रिश्टियनच्याच बाजूने साक्ष दिली.

मग बिरबल साहनी पूर्ण चुकले? तेही नाही. गोदावरी नाशिकहून निघते, नांदेडला वळसा घालते आणि राजमहेंद्रीजवळ समुद्राला भेटायला निघते. राजमहेंद्रीलाही बेसाल्ट आहे, मुख्य पठारापासून तुटलेला. अनेक संशोधकांच्या मते हा लाव्हा पश्चिमेकडून जुन्या नदीखोऱ्यांतून हजारभर किलोमीटर वाहत तिथे पोचला. तिथल्या खाणींत आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या ओएनजीसीच्या खोल विहिरींत लाव्ह्याच्या दोन गटांच्या मध्ये समुद्री गाळ आहे. गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गाळातली सूक्ष्म कवचं तपासली. खालच्या लाव्ह्याच्या लगेच वर जे जीव मिळाले ते डायनोसॉर संपल्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळातले होते. म्हणजे लाव्हा त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना सांडला आहे. हिस्लॉप आणि साहनी अर्धे बरोबर होते, त्यांचे विरोधकही अर्धे.

भुकटीतलं वाचन

इथे विहीर हा शब्द महत्त्वाचा. डोंगराच्या कापात थर समोर दिसतो. बोअरमध्ये दिसते फक्त भुकटी. शंख फुटतो, दात फुटतो, फळाचा तर प्रश्नच नाही. परागकण मात्र इतका लहान की दगडाचा चुरा झाला तरी तो त्या चुऱ्याच्या एखाद्या कणात साबूत राहतो. विसाव्या शतकात तेल कंपन्यांनी परागकणांचे तज्ज्ञ नोकरीला ठेवले ते याच कारणाने.

त्यांच्या कामातला एक नियम मला फार आवडतो, आणि तो मला आमच्याच शेतात आठवला. दोनेक वर्षांपूर्वी चुलत्यांनी बोअर घ्यायचं ठरवलं. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवली. रात्री तामिळनाडूची गाडी आली. पहिल्या शंभर फुटांत करडी धूळ उडाली, मग एकाएकी विटकरी लाल, मग पुन्हा करडी. मी मोबाइलच्या उजेडात प्रत्येक रॉडनंतर चिमूटभर भुकटी बाजूला ठेवत होतो. ते बघून गाडीवरचा माणूस मोडक्या हिंदीत म्हणाला, “लाल मट्टी गिरता है साब, उपर से नीचे गिरता रहता है.” त्याला काळजी होती केसिंग पाइपची, पण त्याने एका वाक्यात तो नियम सांगितला होता.

बोअर खाली जाताना वरच्या थरांचा माल सतत ढासळून खालच्या मालात मिसळतो. म्हणून खोलवरच्या भुकटीत नव्या काळाचा परागकण मिळाला तर तो तिथलाच आहे याची खात्री नसते. वरून पडलेला असू शकतो. पण खालचा माल आपोआप वर सरकत नाही. म्हणून तेलविहिरींतले तज्ज्ञ वरून खाली येताना एखादा जीव पहिल्यांदा कुठे दिसला, त्यावर भरवसा ठेवतात. त्या जीवाची ती पृथ्वीवरची शेवटची हजेरी असते. कचरा मिसळणार हे गृहीत धरायचं आणि तो ज्या दिशेने मिसळत नाही ती दिशा धरून चालायचं. खराब डेटाशी इतक्या शहाणपणाने वागणारी माणसं आमच्या ऑफिसातही कमी आहेत.

चुलत्यांच्या बोअरला पाणी जेमतेम लागलं. भुकटीचा ढीग दुसऱ्या दिवशी अंगणातल्या खड्ड्यात गेला.

किल्लारीच्या खाली

आता तो प्रश्न, ज्यावर लोक हसतात: काळ्या दगडाखाली काय आहे?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि आजूबाजूची गावं कोसळली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं ओझं, त्याखाली हजारो माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा. आमच्या पिढीने तो भूकंप घरच्यांच्या बोलण्यातून ऐकला, ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपाच्या नंतर’ अशा कालगणनेतून. तोवर हा भाग देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. काळा दगड, जुना, स्थिर. इथे काय होणार?

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या लोकांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. पहिले ३३८ मीटर बेसाल्ट. त्याखाली ८ मीटर गाळाचा थर. त्याखाली थेट सुमारे अडीच अब्ज वर्षं जुना, कधीकाळी फार खोलवर भाजून निघालेला पाया.

हे आकडे सावकाश वाचा. पाया अडीच अब्ज वर्षांचा, लाव्हा साडेसहा कोटींचा. मधल्या दोन अब्जांहून जास्त वर्षांसाठी किल्लारीच्या खाली उरला आहे फक्त ८ मीटर गाळ. लाव्ह्याखालचा असा गाळ महाराष्ट्रात इतरत्र काय काय बोलला आहे ते पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला लाव्ह्याखालच्या थरांत डायनोसॉरची विष्ठा दगड होऊन पडली आहे. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष दाखवले, आणि गवताचा ज्ञात इतिहास डायनोसॉरच्या काळापर्यंत मागे गेला. उलट कोयनेला खोल छिद्रं घेतली तेव्हा बेसाल्टखाली असा गाळ लागलाच नाही, थेट ग्रॅनाइटी पाया लागला. म्हणजे दगडाखाली दगडच असतो, पण सगळीकडे तोच नसतो.

किल्लारीने आणखी एक गोष्ट दाखवली. जमीन जिथे फाटली होती तिथे भेगेच्या दोन बाजूंना छिद्रं घेऊन बेसाल्टच्या थरांच्या सीमा जुळवल्या गेल्या. सीमा जुळेनात, एका बाजूला त्या काही मीटर वर होत्या. १९९३ मध्ये जमीन जितकी उचलली गेली त्याहून हा फरक जास्त होता. म्हणजे ही भेग आधीही हलली होती. परागकणांचं काम इथे नव्हतं, पण रीत तीच होती: थर ओळखायचा, दुसऱ्या छिद्रातल्या थराशी जुळवायचा, कुठे जुळत नाही ते बघायचं. जमिनीने आधीच्या धक्क्यांची नोंद ठेवली होती. ती उघडायला आपण भूकंपाची वाट बघितली. २००२ च्या नकाशात हा भाग तिसऱ्या विभागात गेला.

मला या सगळ्यातून एकच म्हणायचं आहे. आपल्याकडे जमिनीला छिद्र पाडणं ही रोजची गोष्ट झाली आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, आणि त्याआधी-नंतर दर उन्हाळ्यात किती बोअर घेतले गेले याची गणती गावच्या कट्ट्यावर बसूनही करता येत नाही. लोक आपल्या पैशाने शेकडो फूट खोल जातात आणि पाणी लागलं की नाही, एवढंच बघतात. ६६ दशलक्ष वर्षांचा लॉग दर रात्री कुठल्या ना कुठल्या शेतात बाहेर पडतो आणि सकाळी रस्त्याच्या खड्ड्यात जातो.

त्याला संस्था लागत नाही, अनुदान लागत नाही. प्रत्येक रॉडमागे मूठभर भुकटी, एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर खोली, आणि जागा नोंदवायला मोबाइल, जो खिशात आहेच. बहुतेक पिशव्यांत नुसता काळा दगड निघेल, काहींत लाल. पण कुठल्या तरी गावात, दोन काळ्या थरांच्या मध्ये, करडी आणि बोटाला साबणासारखी लागणारी भुकटी येईल. ती फेकू नका. त्या चिमटीत लाव्ह्याआधीच्या एखाद्या तळ्याकाठच्या झाडाचा पराग असू शकतो, आणि शेजारच्या गावात तोच थर किती फुटांवर आहे, यावरून मधली जमीन कुठे सरकली आहे हे कळू शकतं.